धक्क्यावरचा दिवा आणि कपितानची जत्रा

आता आमच्या बेटावर गल्लोगल्ली सौर दिवे आहेत. तेव्हा एकच होता, धक्क्यावर. खडकांमधल्या चिंचोळ्या वाटेने होड्या आत यायच्या त्या त्याच्याकडे बघून. तो मिळावा म्हणून आम्ही बायका नगर कचेरीच्या पायऱ्यांवर मासे साफ करत बसलो होतो. वासाने साहेब हैराण झाले, तेव्हा कुठे खांब आला.

खांबाच्या पायथ्याशी पेटीत दोन बॅटऱ्या. बसवणाऱ्या माणसाने मला पाना धरायला लावलं आणि जोडणी दाखवली. एकीचं अधिक टोक दुसरीच्या उण्याला. बारा व्होल्टची एक, दोघी मिळून चोवीस. दिव्याला चोवीसच लागतात, म्हणाला. मी मान हलवली. कळलं फारसं नव्हतं.

त्या वर्षी ऐन संत रोकेच्या जत्रेत चौकातला जनरेटर बसला. दुपारी आमचा गावप्रमुख, कपितान तेलेस्फोरो, सगळ्यांचा 'कप', दोन माणसं घेऊन धक्क्यावर आला. रंगीत दिव्यांच्या माळा आणि कर्णा बारा व्होल्टवर चालतात, म्हणून त्याला एक बॅटरी हवी होती.

"एक ठेवतोय ना तुम्हाला," तो म्हणाला. "अर्धा उजेड पुरे. माशांना काय पेपर वाचायचाय?"

खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांनाच तसं वाटलं. दोन बॅटऱ्यांचा पूर्ण उजेड, तर एकीचा अर्धा. जाळी विणणारी पासिता तेवढी आडवी आली. तिला व्होल्ट ठाऊक नव्हते, पण आपलं काही द्यायचं नाही हे पक्कं ठाऊक होतं.

"अर्ध्यावर भागतं तर अर्धी मिशी ठेवून जा, कप."

त्याने पासिताला बाजूला करून बॅटरी नेली. उरलेलीला तारा जोडून दिल्या.

अंधार पडू लागला. दिवा मिणमिणलासुद्धा नाही. माझा नवरा अम्ब्रोसियो आणि इतर सहा होड्या बाहेर होत्या, वारा वाढला होता. आम्ही कंदील उंच धरले, पण खडकांपलीकडे त्यांचा काय उजेड जाणार? तेव्हा मला पाना धरलेला तो दिवस आठवला, आणि जे कळलं नव्हतं ते एकदम कळलं.

आम्ही ढकलगाडी घेऊन चौकात गेलो. नाच रंगात आला होता. कपितान म्हणाला, दिवाच बिघडला असेल, उद्या बघू.

"कप," मी म्हणाले, "पासिताच्या खांद्यावर उभी राहिले तर माझा हात आंब्याला पोचतो. पासिताला नेलंत म्हणून मला अर्धा आंबा मिळत नाही. काहीच मिळत नाही."

"शेवटचं गाणं तरी होऊ दे, सोलेदाद."

"माणसं आत्ता येतायत."

त्याने गावच्या राखणदाराला आम्हाला अडवायची खूण केली. राखणदार पासिताचा जावई. ती त्याला शांतपणे म्हणाली, "ये पुढे. उद्यापासून माझ्या चुलीवरचं जेवण बंद." तो जागचा हलला नाही. मी तारा सोडल्या, चौक काळोखात बुडाला, आणि आमच्या पाठीवर गावभरच्या शिव्या पडत राहिल्या. आम्ही बॅटरी घेऊन गाडी ढकलत राहिलो. गाडीचं चाक वाळूत रुतत होतं.

धक्क्यावर मी पेटी उघडली. एकीचं अधिक, दुसरीचं उणं. शेवटचा स्क्रू आवळला आणि दिवा लागला, असा पांढराशुभ्र, की पासिताने डोळ्यांवर हात धरला. खडकांपलीकडून होडीवाल्यांची आरोळी आली. ते तिथेच घुटमळत होते. एकेक करून सातही होड्या आत आल्या. अम्ब्रोसियो उतरता उतरता मलाच रागावला, दिवा लावायला इतका वेळ का?

चौकात अंधार, म्हणून हळूहळू सगळा गाव आमच्याकडे उतरला. गिटारी आल्या, भाजलेलं डुक्कर आलं. सगळ्यांच्या मागून कपितान आला आणि उजेडाच्या कडेला उभा राहिला.

"पुढे या, कप," मी म्हणाले. "उजेड पूर्ण आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही पेटीला कुलूप घातलं. किल्ली कचेरीत जमा करा, असा निरोप आला. मग लेखी हुकूम आला. नंतर कपितान बदलले, तेही मागत राहिले.

किल्ली अजून माझ्या गळ्यात आहे.