उजवीकडची खाच

"दाबा की आई. इथे सगळं दाबायलाच ठेवलंय," सून म्हणाली.

बाईंनी हात पुढे केला नाही. संगणकाच्या इतिहासाचं हे संग्रहालय सुनेला फार आवडलं होतं, कारण दर दहा पावलांवर 'हात लावा', 'फिरवा', 'दाबून बघा' अशा पाट्या होत्या. बाईंचं डोकं आधी त्या पाट्यांनीच फिरलं. त्यांच्या वेळी ज्या मशीनला विचारल्याशिवाय हात लावला म्हणून मेमो मिळायचा, त्याच मशीनवर आता शाळेची अख्खी सहल बुक्के मारत होती. परीक्षा मंडळात बाईंनी एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली पहिली अकरा पंच कार्डं, म्हणजे मशीनला वाचता यावीत म्हणून भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं, तपासण्यात गेली. पुढे कार्डं जाऊन पडदे आले, तरी ऑफिसात चिकटलेलं 'तपासणीबाई' हे नाव काही सुटलं नाही. आज सुनेने रजा टाकून त्यांना मुद्दाम इथे आणलं होतं. सासूचे जुने दिवस तिला दाखवायचे होते, म्हणजे सासूलाच.

मागून एका गृहस्थाने हात घालून बटण दाबलं.

पडद्यावर कार्टूनमधली एक मुलगी आली. मशीनसमोर बसलेली, वेणी पुढे घेतलेली. तिने जांभई दिली, नखं न्याहाळली, खिडकीतून कोणाला तरी हात केला आणि समोर न बघताच एक कळ दाबली. भोंगा वाजला. पडदा लालभडक झाला आणि मुलांचे रडके चेहरे टपाटप खाली पडायला लागले. 'एका बोटाची चूक, साडेसहा हजार मुलं गणितात नापास.' गृहस्थ हसला, त्याची बायको हसली. सूनही जराशी हसली.

"ही तुमच्याच ऑफिसातली गोष्ट ना, आई? तुम्हीच सांगितली होतीत. कुणा मैत्रिणीने चुकीचं पंच केलं होतं ती."

"मी असं सांगितलं होतं?"

"हो की. आमच्या लग्नानंतर पहिल्याच वर्षी."

सांगितलं असणार. घरीदारी, पाहुण्यांत, सगळीकडे त्या तेच सांगत आल्या होत्या. इतक्या वेळा सांगितलं होतं की सांगताना आता जीभही अडखळत नसे. बाईंना एकदम स्वतःचाच संताप आला आणि तो कुठे काढावा ते कळेना, म्हणून त्यांनी सुनेच्या हातातली आपली पिशवी हिसकावून घेतली.

पडद्याखाली काचेची पेटी होती आणि पेटीत एकच कार्ड. 'हेच ते कार्ड' असं लिहून एक लाल बाण वरच्या कडेवर छापलेल्या दोन आकड्यांकडे वळवला होता. पाच आणि तीन. त्रेपन्न. उत्तीर्ण व्हायला पस्तीस गुण लागत. गठ्ठ्यातलं हे पहिलं कार्ड मशीनला तेवढंच सांगायचं, की किती गुणांच्या खाली नापास धरायचं.

बाईंनी चष्मा पुसला. बाणाकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्या पेटीवर वाकल्या आणि कार्डाच्या उजव्या कडेवर नजर लावून उभ्या राहिल्या. तिथे खाच होती. करंगळीच्या नखाएवढी, अर्धगोल, स्वच्छ कापलेली.

"काय झालं आई? बसता का जरा?"

"बसायचं नाहीये मला," बाई म्हणाल्या.

पंच हॉलमध्ये तेव्हा वीस जणी कार्डं पंच करायच्या आणि दहा जणी तपासायच्या. वीस जणींत एक अशी होती, की तिला सगळ्या 'सुसाट' म्हणायच्या. डावा हात कागदावर ओळ धरून, उजवा कळांवर, तासाला नऊ हजार कळा. तिला जांभई द्यायलाही सवड नसायची. तिने पंच केलेलं कार्ड मग तपासणीला यायचं. तपासणारी तोच कागद समोर ठेवून, दुसऱ्या मशीनवर तेच सगळं पुन्हा मारायची. एक कळ जरी वेगळी पडली तरी मशीन जागच्या जागी अडायचं आणि लाल दिवा लागायचा. सगळं जुळलं, तरच मशीन आपणहून उजव्या कडेला खाच कापायचं. खाच असली म्हणजे दोघींनी, दोन मशीनवर, एकाच कागदावरून एकच आकडा वाचला.

म्हणजे कागदावरच त्रेपन्न होतं. आणि कागद विभागाच्या मोठ्या साहेबांच्या हातचा होता.

त्या दिवशी सुसाट कागद घेऊन बाईंच्या तपासणीच्या टेबलाशी आली होती.

"हे बघ गं. त्रेपन्न कसं असेल? आकडे उलटे पडलेत साहेबांकडून."

"मग विचार जाऊन."

दोघीही गेल्या होत्या. साहेबांनी कागदाकडे मान वळवलीसुद्धा नाही. "तुम्हाला बोटांसाठी ठेवलंय, डोक्यासाठी नाही. लिहिलंय तसं मारा." मग सुसाटने लिहिलं होतं तसं मारलं, आणि बाईंनी लिहिलं होतं तसं तपासलं. मशीनने खाच कापली.

निकाल लागला आणि गावोगाव रडारड झाली. चूक तिसऱ्या दिवशी सुधारली, पण तोवर दोन मुलं घर सोडून गेली होती आणि त्यातलं एकच परत आलं. मंडळाला कोणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचं होतं. साहेबांच्या हातचा तो कागद फाइलीतून नाहीसा झाला. सुसाट चौकशी समितीला सांगत राहिली, की कार्ड आणा, खाच बघा. समितीतल्या तिघांपैकी एकानेही पंच हॉलमध्ये कधी पाय ठेवला नव्हता. साहेबांनी त्यांना सांगितलं, कार्डं हाताळताना कापली जातात, त्यात काही नाही.

मग बाईंना बोलावलं. टाइप केलेला कागद तयारच होता. 'सदर कार्ड माझ्याकडे तपासणीस आले नाही.' घरी वडील अंथरुणाला खिळलेले, दोन बहिणी शिकत असलेल्या, आणि नोकरी कायम झाल्याचं पत्र साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडलेलं.  साहेबांनी नुसतं ते पत्र ह्या बाजूचं त्या बाजूला सरकवलं. बाईंनी सही केली.

नोकरी गेली त्या दिवशी सुसाट डबा आणि छत्री घ्यायला हॉलमध्ये आली. जाताना तपासणीच्या टेबलाशी थांबली आणि हळूच म्हणाली, "खाच कापली होती ना गं?" बाईंनी खण उघडला आणि त्यात काहीतरी शोधायला लागल्या. खणात शोधण्यासारखं काही नव्हतं.

"आई, इथे तुमचे साहेबही आहेत," सुनेचा आवाज आला. ती पलीकडच्या भिंतीशी उभी होती. भिंतीवर मोठ्या साहेबांचा फोटो होता, खाली 'परीक्षा मंडळातील संगणकयुगाचे आद्य प्रवर्तक' असं लिहिलेलं, आणि शेजारी एक जुना टेलिफोन. रिसीव्हर उचलला की साहेबांच्या आठवणी साहेबांच्याच आवाजात ऐकू येत. साहेब वारून दहा वर्षं झाली होती, आवाज मात्र ठणठणीत होता.

बाईंनी रिसीव्हर कानाला लावला.

"...त्या मुली चांगल्या होत्या, पण लक्ष कुठे असायचं देव जाणे," साहेब हसत होते. "एकीचं बोट घसरलं आणि आमची झोप उडाली. मी तिला म्हटलं, बाई गं, जरा बघून दाबत जा..."

"तुम्ही लिहिलं होतं त्रेपन्न," बाई रिसीव्हरमध्ये म्हणाल्या.

"...पण माणूस चुकतो. आम्ही मोठ्या मनाने..."

"तुमच्या हातचं होतं. आम्ही दोघी आलो होतो विचारायला. तुम्ही मान वर केली नाहीत."

साहेब पुढे बोलतच राहिले. जिवंत होते तेव्हाही असेच बोलत राहायचे. बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आपण हे चाळीस वर्षं उशिरा बोलतोय आणि ऐकायला समोर नुसतं यंत्र आहे, हे त्यांना कळत होतं, म्हणून राग आणखीच चढत होता. रिसीव्हर त्यांनी इतक्या जोरात आदळला की सहलीतल्या शिक्षिकेने वळून पाहिलं.

"कोण आहे इथला मुख्य? बोलवा त्याला," बाई म्हणाल्या.

व्यवस्थापक तरुण होता, गळ्यात ओळखपत्र, वागायला अदबशीर. त्याने सगळं ऐकून घेतलं. खाच पाहिली, मोबाइलमध्ये तिचा फोटोही काढला.

"खरं सांगू का मॅडम, हे आम्हाला माहीतच नव्हतं. फार इंटरेस्टिंग आहे. आपण ह्याची एक वेगळी पाटी करू शकतो."

"पाटी नंतर करा. आधी ती जांभई बंद करा."

"तसं एकदम नाही करता येणार. हा आमचा सगळ्यात लोकप्रिय भाग आहे. दिवसाला चारशे वेळा तरी दाबलं जातं."

"चारशे वेळा," बाई म्हणाल्या. "दिवसाला चारशे वेळा तुम्ही तिला जांभई द्यायला लावता. तिने अख्ख्या नोकरीत दिली नसेल."

"तुम्ही लेखी द्या ना. संग्रहालयाच्या समितीपुढे ठेवतो. पण आमच्याकडे असलेल्या चौकशीच्या फाइलीत तपासणी करणाऱ्या बाईंचा जबाब आहे, की कार्ड त्यांच्याकडे आलंच नव्हतं."

"तो जबाब माझा आहे."

व्यवस्थापकाने सुनेकडे पाहिलं. सून बाईंकडे बघत होती.

"खोटा आहे तो," बाई म्हणाल्या. "कागद द्या, लिहून देते."

त्यांनी तिथेच तिकीट खिडकीच्या फळीवर उभ्याने लिहिलं. खाडाखोड एकही झाली नाही. खाली पूर्ण सही केली, तारीख घातली, तेव्हाच्या हजेरीपटावरचा आपला नंबरही लिहिला. तो त्यांना अजून पाठ होता.

"मॅडम, तुम्ही ह्यात स्वतःलाच गोवताय," व्यवस्थापक हळू आवाजात म्हणाला.

"गोवतेय. इतकी वर्षं ती गोवलेली होती, आता जरा मी."

तो कागद घेऊन आत गेला. समिती पुढच्या तिमाहीत बसणार होती.  सून म्हणाली, "तुम्ही मला एवढी वर्षं वेगळंच सांगत होतात, आई."

"सगळ्यांनाच सांगत होते."

"त्या आहेत का अजून? मैत्रीण?"

"ठाऊक नाही. कोणत्या तोंडाने चौकशी करू?"

शेजारी खुर्चीवर बसलेली हॉलची मदतनीस इतका वेळ कान देऊन ऐकत होती. ती उठून जवळ आली.

"आजी, त्या खाचेचं तुम्ही म्हणालात ना, ते मी आधी ऐकलंय. एक आजी यायच्या इथे. महिन्याच्या पहिल्या बुधवारी, तिकीट नसतं त्या दिवशी. बटणावर हात ठेवून उभ्या राहायच्या, कोणाला दाबू द्यायच्या नाहीत. पोरं तक्रार करायची, मग मलाच सांगावं लागायचं, आजी, सरका जरा."

"काही बोलायच्या?"

"भांडायच्या नाहीत. येईल त्याला एवढंच म्हणायच्या, उजवीकडे बघा, काय दिसतं? लोक बघायचे, हसायचे, जायचे. कोणाला काय कळणार? मलाही नाही कळलं."

"हात कोणता ठेवायच्या?"

मदतनीस थोडं आठवून म्हणाली, "डावा. आणि उजव्या हाताची बोटं सारखी अशी हलत असायची, मांडीवर. मला वाटायचं वयामुळे असेल."

बाईंनी फळीची कड घट्ट धरली.

"येतात अजून?"

"पाच-सहा महिने झाले, नाही आल्या. आधी खंड पडायचा नाही हो. एकदा तर पायाला प्लास्टर घालून आल्या होत्या. मी विचारलं, कोणाची वाट बघता का? तर म्हणाल्या, कळणारं एकच माणूस आहे, कधीतरी येईल."

सुनेने बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. बाईंनी तो झटकला नाही, पण तिथे थांबल्याही नाहीत. त्या सरळ पेटीपाशी गेल्या. पडद्यावर चेहरे पडून झाले होते आणि बटण पुढच्या माणसासाठी हिरवं उजळलं होतं. बाईंनी पिशवी खांद्याला अडकवली आणि डावा हात बटणावर ठेवला.

"आई, पाच वाजेपर्यंत उघडं असतं हे," सून म्हणाली.

"मग पाचपर्यंत थांबू. तुला जायचं असेल तर जा."

सून गेली नाही. मदतनीस बसली होती ती खुर्ची तिने मागून आणली आणि बाईंच्या मागे ठेवली. बाई बसल्या नाहीत.

थोड्याच वेळात एक तरुण आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलीला बटण दाबायचं होतं.

"आजी, जरा हात काढता का?"

"दाबायचं नाही," बाई म्हणाल्या. "त्या कार्डाच्या उजवीकडे बघ. काय दिसतं?"

मुलगी काचेला नाक लावून बघत राहिली. "कडेला थोडंसं कापलंय."

"ते मी कापलंय," बाई म्हणाल्या.