काचेखाली राहिलेली गुणपत्रिका

आमच्या झेरॉक्सच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी निघताना विचारते, "मूळ कागद घेतला का?" माणसं कॉपी घेऊन चालू पडतात आणि मूळ कागद काचेखालीच राहतो. दिवसाला एक-दोघे तरी धापा टाकत परत येतात. मला त्यांचं हसू यायचं.

निकालानंतर वर्गातल्या मुली घोळक्याने आल्या. कुणाला ऐंशी टक्के, कुणाला नव्वद. सगळ्यांच्या गुणपत्रिका माझ्याच हातून गेल्या, पण "तू कुठे अर्ज करतेयस?" असं एकीनंही विचारलं नाही. मला त्रेचाळीस. बाबा म्हणाले, "जाऊ दे, आता दुकान बघ." विषय संपला. घरात बोलायला तिसरं कुणी नाही. मग मीही गप्प झाले आणि दिवसभर मशीनजवळच्या स्टुलावर घरघर ऐकत बसू लागले. फार एकटं वाटायचं.

अर्जाच्या शेवटच्या तारखेला बाबा जेवायला गेले. मी घाईघाईने माझ्या गुणपत्रिकेच्या कॉपी काढल्या, शटर ओढलं आणि चोरासारखी कॉलेजात गेले.

"चाळीसच्या वर चालतं," खिडकीतला कारकून म्हणाला. "मूळ गुणपत्रिका दाखवा. चारला खिडकी बंद."

मी पिशवी उलटी केली. नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

पळत परत आले तर मशीनचं झाकण उघडं आणि बाबांच्या हातात माझी गुणपत्रिका.

"कॉलेजसाठी?"

"हो."

"मला सांगायचंस तरी."

"तुम्ही विचारलंत कधी?" माझा आवाज चढलाच.

बाबांनी माझ्या हातातली कॉपी घेऊन उजेडात धरली. नेमक्या गुणांवर काळा डाग होता.

"काच पुसली नव्हतीस," म्हणाले. रुमालाने काच लख्ख पुसून त्यांनी दोन नव्या कॉपी काढल्या आणि काउंटरवरून माझ्याकडे सरकवल्या. इतक्या वर्षांत मी काउंटरच्या त्या, गिऱ्हाइकाच्या बाजूला कधी उभी राहिले नव्हते. साडेतीन वाजून गेले होते. मी कॉपी उचलून वळले.

"अगं," मागून बाबांची हाक आली, "मूळ कागद घेतलास का?"

परत येऊन मी तो घेतला. तोवर बाबा माझ्या स्टुलावर जाऊन बसले होते.