आवाज बदललेला आहे

आत्याने पर्स ठेवून शेजारची खुर्ची अडवली होती. आई धापा टाकत सभागृहात शिरली, तशी तिने पर्स उचलून मांडीवर घेतली.

"बैस. लेक तुझी आणि उशिरा तूच येतेस!"

"डॉक्टर सोडतील तर ना." आई दातांच्या दवाखान्यात पेशंटांना वेळा द्यायचं काम करायची.

"मला एक सांग, बोलायचं कसं हे शिकायला चार वर्षं लागतात?"

आई हसली. तिलाही आधी तसंच वाटलं होतं. मग मुलीने समजावलं होतं, की संवादशास्त्रात भाषा येते, मानसशास्त्र येतं, समाजशास्त्र आणि ध्वनिमुद्रणसुद्धा. काही म्हणा, त्या शिक्षणाने पोर बदलली होती. वडील गेल्यापासून नुसतं हं-हूं करणारी, यंदा वसतिगृहातून दर रविवारी फोन करायची. विचारायची आणि मध्ये न तोडता ऐकत राहायची. जे आई कुणापाशी बोलली नव्हती, ते लेकीपाशी बोलून मोकळी झाली होती.

दिवे मंदावले. मुलगी मंचावर आली. तिच्या प्रकल्पाचा विषय होता 'घरातला अबोला'. नावं गुप्त ठेवली आहेत, आवाज बदललेले आहेत, असं तिने सांगितलं. पडद्यावर एक रेष थरथरू लागली आणि घोगरा, जाड आवाज ऐकू आला.

"शेवटी शेवटी मी यांच्याशी बोलणंच टाकलं होतं. रागच तसा होता. त्या दुपारी यांनी पाणी मागितलं. मला ऐकू आलं. मी कपड्यांच्या घड्या घालत बसले. म्हटलं, मागू देत अजून एकदा. मग मागितलंच नाही."

आवाज कुणाचाही असो, त्या घड्या आईच्या होत्या. आणि पाणी मागणारा, शेजारी बसलेल्या बाईचा धाकटा भाऊ.

आईने मान वळवली नाही. पर्सची चेन उघडल्याचं ऐकू आलं, मग बंद केल्याचं.

टाळ्या संपल्या तशी मुलगी धावत खाली आली.

"सर म्हणाले, वर्गात माझाच प्रकल्प सगळ्यात चांगला! आई, कसा वाटला?"

"त्या बाईंना विचारलं होतंस?"

मुलीने केस उगाच कानामागे सारले. "विचारलं असतं तर कुणी इतकं मोकळं बोललं असतं का गं? आणि आवाज बदललाय ना. कुणाला कळणार आहे?"

"हो, कुणाला कळणार," आत्या म्हणाली. तिने भाचीच्या पाठीवरून हात फिरवला. "छान बोललीस हो."

फाटकापाशी टॅक्सी आली. मुलगी पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. आईने मागे सरकून जागा केली. आत्या बाहेरच उभी राहिली.

"वहिनी, तुम्ही पोरीला घेऊन व्हा पुढे. मला जरा काम आहे."

आई काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात आत्याने बाहेरून दार लावलं, नीट बसलंय ना ते एकदा दाबून पाहिलं आणि चालू लागली.

टॅक्सी वळणावर आल्यावर मुलगी हसत मागे वळली.

"आत्या तुला 'तुम्ही' कधीपासून म्हणायला लागली?"

"आजपासून," आई म्हणाली.