झाकणावरची दुसरी खूण

कपाटामागे पडलेली सुरी काढायला आत्या वाकली आणि हाताला हार्डनरची बाटली लागली. छोटी, भरलेली, झाकणावरचं सील जसंच्या तसं. आत्याच्या पायाखालची जमीन सरकली.

बाटल्या दोनच आल्या होत्या. भाचीच्या रंगवलेल्या पलंगाला वरून सीलरचे, म्हणजे रंग जपणाऱ्या थराचे, दोन हात, प्रत्येक हातासाठी एक बाटली मिसळायची. मेण लावलं असतं तर पुसण्यापुसण्यात गेलं असतं, साध्या वॉर्निशने फिकट निळा रंग पिवळा पडला असता. म्हणून तिने हे दोन भागांचं सीलर निवडलं. दुकानदार म्हणाला होता, "पक्कं झालं की पोराने चाटलं तरी चिंता नाही. पण हार्डनर विसरलात तर वरून वाळतं, आतून कच्चं राहतं. ते पोटात जाता कामा नये."

विसरणार कशी? लाकूडसामान रंगवण्याच्या कामातली वीस वर्षांची शिस्त होती: मिसळलं की डब्याच्या झाकणावर खडूची खूण. तिने डबा ओढला. झाकणावर दोन खुणा. मग आठवलं. दुसऱ्या वेळी खडू हातात असतानाच भावाचा फोन आला होता: "ताई, पोरगी आज धरून उभी राहिली!" त्या आनंदात, बोलता बोलता, खूण करून टाकली. पुढे खुणेवर भरवसा ठेवून ब्रश फिरवला, वाळल्यावर नखाने तपासलंही नाही. मोठी आली शिस्तीची!

पलंग कालच पोचला होता. पोरगी आठ महिन्यांची, दात येत होते, दिसेल ते तोंडात. भावजय फोन उचलेना. दोन गल्ल्यांचं अंतर आत्या जीव मुठीत धरून धावली. पुन्हा ब्रश हातात धरणार नाही, फक्त ती बरी असू दे, असं काहीबाही ती वाटभर पुटपुटत होती.

भावजय म्हणजे दुधाने तोंड पोळलं नसतानाही ताक फुंकून पिणारी. येईल त्या वस्तूचा वास घ्यायची, म्हणून आत्या तिला 'नाकवाली' म्हणून चिडवायची. दार तिनेच उघडलं.

"वास येत होता, म्हणून तिला पलंगात निजवलंच नाही," ती म्हणाली. आत्याचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात आतून खिदळणं ऐकू आलं. पोरगी रांगत गेली होती आणि बाहेरूनच पलंगाचा कठडा धरून उभी होती. तोंड कठड्यावर. आत्याने तिला झटकन उचललं. चकचकीत थरात चार इवली बोटं उमटली होती, शेजारी दोन दातांचे ओरखडे.

खापर दुकानदारावर फोडता आलं असतं. आत्याच्या मनात ते आलंही, आणि तिला स्वतःची किळस आली.

"अगं, मी हार्डनर घातलाच नाही. न मिसळताच खूण केली."

डॉक्टरांनी फोनवर बजावलं: तोंड पुसा, उलटी काढायला जाऊ नका, संध्याकाळपर्यंत डोळ्यांत तेल घालून श्वास बघा. दर पंधरा मिनिटांनी कागदावर नोंद करा. जरा वेगळं वाटलं की तडक घेऊन या.

पोरगी पेंगायला लागली. ही रोजची दुपारची झोप की दुसरं काही, दोघींनाही सांगता येईना. भावजयीने एक शब्द सुनावला नव्हता आणि तेच आत्याला सोसवत नव्हतं. पंधरा मिनिटं झाली. आत्याने घड्याळाकडे बघून लगेच कागदावर पेन टेकवलं.

भावजयीने तिचं मनगट धरलं.

"आधी तिच्याकडे बघा, ताई," ती हळूच म्हणाली. "मग खूण करा."