न चाखलेली चटणी

"तडकला," लामदुआन मावशी म्हणाल्या. बत्ता बाजूला ठेवून त्या दगडी खलाच्या कडेवरून बोट फिरवत होत्या. "हे बघ, तडा इथून पार तळापर्यंत गेलाय. आज नाही तर उद्या दोन तुकडे होणार याचे."

मी वाकून पाहिलं. रेघ केसाएवढीच होती, पण तिच्यातून मिरचीचं लाल पाणी झिरपत होतं. सकाळचे साडेसहा वाजले होते आणि दहाला देवापुढे ताट जायचं होतं.

"नवा आणू का? आठला दुकानं उघडतील," मी म्हणाले.

"नव्याचं काय करू? नव्या खलात आधी चार दिवस तांदूळ कुटून कच घालवावी लागते. लोकांच्या दाताखाली दगड द्यायचाय?"

"मग वाटायचं मशीन आहे की."

मावशींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी गुपचूप काकड्या चिरायला बसले.

मी रुंग. एरवी पोस्टाच्या खिडकीत बसते आणि वर्षातून नऊ दिवस रजा टाकून त्रांग गावच्या बाजारामागच्या आमच्या देवळात राबते. त्या नऊ दिवसांत गावावर पिवळी निशाणं लागतात, लोक पांढरे कपडे घालतात आणि 'जे' पाळतात. मांस, मासे, अंडं, दूध काही नाही, कांदा-लसूणही नाही, आणि मनात कुणाबद्दल वाकडं आणायचं नाही. या शेवटच्या अटीपायी माझे दरवर्षी हाल होतात, कारण आमच्या स्वयंपाकघरात चौदा बायका असतात.

देवळं गावात बरीच आहेत. पण आमच्याकडे रांग लागते ती सलादसाठी. लेट्यूस, काकडी, मुगाचे मोड, त्यावर तळलेल्या टोफूचे काप, बटाट्याच्या पातळ कुरकुरीत चकत्या, आणि वरून शेंगदाण्याची ऊन-ऊन पातळ चटणी. हे मूळचं दर्यापारच्या मुसलमान लोकांचं खाणं. कुण्या काळी आमच्याकडे आलं आणि इथलंच होऊन गेलं. त्यात उकडलेलं अंडं असतं, ते आम्ही गाळतो. पण चटणीतला कांदा-लसूण गाळला की खरी पंचाईत होते. भल्याभल्यांची चटणी मग गोड पेजेसारखी लागते. मावशींची कधी लागली नाही. कांद्याशिवाय ती तशी कशी होते हे विचारायला शेजारच्या गावच्या देवळातली माणसं येऊन गेली, आणि मावशींनी त्यांना सगळं खरंखरं सांगितलं. तरी त्यांची पेजच झाली.

त्यातून आमच्या देवळाचा दंडक असा, की देवापुढे ताट जाईपर्यंत कशाची चव घ्यायची नाही. बोट चाटलेलं कुणी पाहिलं तर सगळं पातेलं बाद. म्हणजे एकतीस वर्षं या बाईने रोज साडेतीनशे माणसांची चटणी न चाखता केली होती. दाण्यांचा तडतड आवाज कढईत कधी थांबतो ते त्या ऐकायच्या. नारळाचं दूध आटून तेल सुटलं की डावाच्या पाठीवर बोटाने रेघ ओढून बघायच्या. चिंच आणि ताडगूळ घालताना मात्र डोळे मिटून पातेल्यावर वाकायच्या आणि एकदाच श्वास ओढायच्या. की झालं. मी पोस्टात वीस वर्षं शिक्के मारतेय, पण अजून निम्मे शिक्के तिरके पडतात. त्यामुळे असं काम करणारं माणूस पाहिलं की मला त्याच्या पाया पडावंसं वाटतं.

"घरचा आणते," मावशी अखेर म्हणाल्या.

घरचा म्हणजे त्यांच्या भाताच्या गाडीवरचा खल. चाळीस वर्षं त्यात रोज जवळा कुटलेला. आंबवलेला जवळा, लसूण, छोटे कांदे, जे म्हणून या नऊ दिवसांत चालत नाही ते सगळं त्या दगडाने प्यायलेलं होतं. गाडी आता सून चालवत होती. जुलैमध्ये एकदा रस्सा खारट झाला, मग पुन्हा झाला, तेव्हा सून म्हणाली, आई, आता तुम्ही आराम करा. मावशी मला हे सांगताना म्हणाल्या होत्या, "पोरगी चांगली आहे गं. पण आराम म्हणजे काय करायचं असतं?" घरातलं पळी-पातेलं हातातून गेलं होतं आणि उरलं होतं ते हे नऊ दिवसांचं स्वयंपाकघर. त्यांची हक्काची तेवढीच एक चूल होती.

खल आणला. आम्ही दोघींनी तो राखेने घासला, मीठ-लिंबाने घासला, तीनदा उकळतं पाणी ओतलं. मग रीतीप्रमाणे मूठभर कोरडे तांदूळ त्यात कुटले. ते पीठ हुंगायचं, आणि त्याला तांदळाखेरीज कसलाही वास नसेल तरच खल जेला चालतो. मावशींनी चिमूट नाकाशी नेली.

"साफ आहे," त्या म्हणाल्या आणि मिरच्या ओतल्या.

मिरची, गवती चहाचे दांडे, धणे. बत्ता पडायला लागला. मी शेजारीच होते. चौथ्या-पाचव्या घावाला मला वास आला. अगदी बारीक, मिरचीच्या खाटामागे लपलेला. जवळा.

मी गप्प बसले. हे सांगताना आजही मान खाली जाते, पण खरं तेच सांगते. मला वाटलं, मावशींनी हुंगलंय, त्यांना आला नाही आणि मला आला? मी कोण लागून गेले? शेजारच्या गल्लीत कुणीतरी मासळी तळत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. जेच्या सहाव्या दिवशी त्या गल्लीत मासळी कोण तळणार, हे मला कळत नव्हतं असं नाही.

साडेनऊला पातेलं तयार झालं. रंग तोच, दाटपणा तोच, वर लाल तेलाची तीच नक्षी. मावशी डोळे मिटून वाकल्या, श्वास ओढला, मान हलवली. देवळाचे व्यवस्थापक सेंग काका ताट न्यायला आले. धुवट पांढऱ्या पायजम्यात त्यांचं पोट पुढे आणि ते मागे.

"चला, उशीर नको," ते म्हणाले. "बाहेर रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढतेय."

मावशींनी ताट त्यांच्या हातात दिलं आणि सहज माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा काही बरा नसावा.

"काय गं?"

"काही नाही."

"रुंग, काय?"

"काही नाही, मावशी. वास... म्हणजे मलाच वाटलं असेल."

त्या जवळ आल्या. त्यांनी माझं मनगट धरलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "कसला वास? नीट सांग. जूनमधल्या तापानंतर मला वास येत नाही. काही म्हणजे काही येत नाही. चवही नाही. पाच दिवस डोळ्यांनी आणि कानांनी रेटलंय. आता तू बोल."

पाच दिवस त्या पातेल्यावर वाकून श्वास ओढत होत्या, तो नुसता आम्हाला दाखवायला. आणि तरी पाचही दिवस चटणी तंतोतंत झाली होती.

"जवळ्याचा," मी म्हणाले.

त्यांनी एकदा खलाकडे पाहिलं. मग वळून म्हणाल्या, "सेंग काका, ताट खाली ठेवा. हे देवाला चालणार नाही. खलात जवळा राहिलाय."

सेंग काका दारातच थबकले. त्यांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

"हळू बोला. घासला होता ना?"

"घासला होता."

"मग? मुंगीच्या पायाएवढं काहीतरी राहिलं असेल. कुणाला कळतंय? देव एवढे चिकित्सक नसतात हो."

"देवाचं तुम्ही बघा. तुमची त्यांच्याशी रोजची उठबस आहे," मावशी म्हणाल्या. "बाहेर लोक उभे आहेत. सहा दिवस पाळलंय त्यांनी. त्यात ती बाजारातली सुपाप आहे, नवऱ्याच्या शस्त्रक्रियेसाठी नवस बोलली आहे. तिने माझ्या भरवशावर घास उचलायचा आणि मी तो बघत बसायचं, असं मला जमायचं नाही."

"लामदुआन, हे बाहेर गेलं तर लोक विचारतील, तुम्हाला वास कसा आला नाही. मग मला तुम्हाला इथे ठेवता येणार नाही."

"माहीत आहे."

"एकतीस वर्षं झाली."

"तेही माहीत आहे."

काकांनी ताट घट्ट धरलं. माणूस वाईट नाही तो. साडेतीनशे भुकेली माणसं दाराबाहेर असली की भल्याभल्यांची पाचावर धारण बसते. पण मावशी त्यांना वळसा घालून, दार उघडून, ओल्या हातांनी तशाच बाहेर गेल्या. मी मागे गेले. रांगेसमोर उभं राहून त्या म्हणाल्या, "जेवण तासभर उशिरा मिळेल. घरचा खल वापरला, त्यात जवळ्याचा वास राहिला. मला वास येत नाही, तापात गेला, आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. चूक माझी आहे. आता चटणी दुसरी करते."

रांगेच्या मागून एक म्हातारा म्हणाला, "सहा दिवस कळ काढली, एका तासाने काय मरतो?" आणि तो तिथेच फरशीवर बसला. एकजण "आता काय विश्वास ठेवायचा माणसाने" असं पुटपुटत निघून गेला. मावशींनी तेही ऐकलं. सुपाप तेवढी पुढे आली, हात जोडले आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

आत आल्यावर मावशींनी पहिलं पातेलं झाकून स्टेशनवरच्या हमालांकडे पाठवलं. ते काही पाळत नव्हते. त्या दिवशी त्यांची चैन झाली. मग पदर खोचावा तसा त्यांनी कमरेचा पंचा घट्ट केला आणि म्हणाल्या, "मशीन काढ."

"मशीन?"

"मान असला तर तो माझा असेल, मिरचीला कसला मान? काढ. आणि इथे माझ्याजवळ उभी राहा. आजपासून तुझं नाक."

तो तास मी आयुष्यात विसरणार नाही. कढईत दाणे पडले. "आता ऐक," मावशी म्हणाल्या. "तडतड, तडतड. आता विरळ होतेय. वास कसा आहे?" मी म्हणाले, कच्च्या शेंगेसारखा. "थांब." मग म्हणाल्या, "आता?" मी म्हणाले, भाजलेल्या भाकरीसारखा. त्यांनी तत्क्षणी कढई उतरवली. मिरची तेलात गेली तेव्हा मला ठसका लागला, तर त्या म्हणाल्या, "खोकला कोरडा आहे, अजून अर्धं मिनिट." माझ्या खोकल्यावरून त्यांनी फोडणी ओळखली. चिंच घातली, ताडगूळ घातला आणि मला पातेल्यावर वाकवलं. "डोळे मीट. आंबट आधी येतं की गोड?" मी म्हणाले, आंबट. "आणि नंतर?" मी म्हणाले, गोड येतं, पण घाबरत-घाबरत येतं. त्या हसल्या. त्या दिवसात पहिल्यांदाच हसल्या, आणि अर्धी वाटी ताडगूळ आणखी घातला. माझं नाक आणि त्यांचं डोकं, अशी आम्ही दोघींनी मिळून एक स्वयंपाकीण केली.

सव्वाअकराला ताट देवापुढे गेलं. साडेअकराला रांग हलली.

संध्याकाळी सेंग काका आले आणि बराच वेळ पातेली मोजल्यासारखं करत उभे राहिले. "खुर्ची ठेवतो," ते म्हणाले. "बसून सांगा. रुंग करेल."

"दोन दिवस शिकवते," मावशी म्हणाल्या. "सातवा, आठवा मी सांगेन. नववा ती एकटी करेल. पुढच्या वर्षी खुर्ची नको. खुर्चीवर बसलेलं माणूस चुलीजवळ अडगळ होतं."

त्यांनी दोन दिवस मला पिळून काढलं. हात असा नाही, डाव असा नाही, कान कुठे आहेत तुझे, पोस्टात ठेवून आलीस का. माझ्या नाकी नऊ आले. नवव्या दिवशी पहाटे मी आले तेव्हा त्या स्वयंपाकघरात नव्हत्या. मी एकटीने दाणे भाजले, तेल सुटेपर्यंत नारळाचं दूध आटवलं, डोळे मिटून वाकले आणि श्वास ओढला.

वाढायला उभी राहिले तर मावशी रांगेत होत्या. पांढरे धुतलेले कपडे, हातात ताटली, सत्तर-ऐंशी माणसांच्या मागे. सेंग काकांनी त्यांना पुढे बोलावलं. त्यांनी हातानेच नको म्हटलं. अर्ध्या तासाने माझ्यासमोर आल्या. मी पाला घातला, टोफू घातला, चकत्या घातल्या, वरून चटणी ओतली. त्या एकदाही पातेल्याकडे वाकल्या नाहीत.

"थोडी कमी घाल," एवढंच म्हणाल्या. "मागे खूप माणसं आहेत."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी मिरचीवर ढकललं.

त्या जाऊन बाकावर बसल्या. शेजारी एक परगावचा माणूस बसला होता, चालकाचा निळा सदरा खांद्यावर टाकलेला. तो तोंड भरून खात होता, चकत्यांचा कुरकुर आवाज माझ्यापर्यंत येत होता. मावशींनी ताटली मांडीवर ठेवली, पण घास उचलला नाही.

"कशी झालीय चटणी?" त्यांनी त्याला विचारलं.

त्याने त्यांच्याकडे नीट पाहिलंही नाही. घास गिळून म्हणाला, "दरवर्षीसारखीच."

मग मावशींनी चमचा उचलला आणि जेवायला सुरुवात केली.