वरच्या ओळीतला आकडा

ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. बोलायची इतकं हळू की वर्गात तिचं नाव 'कुजबुज' पडलं होतं. एके दिवशी सकाळी अकरा वाजता तिला शिकवणाऱ्या बाई तिच्यासोबत वॉर्डातल्या सात नंबरच्या बेडपाशी आल्या. तिथे शिंपीकाका होते. काल त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. उशाशी त्यांच्या पत्नी, काकू, बसल्या होत्या.

"कसे आहेत?" बाईंनी विचारलं.

"ठीक. जरा पेंगुळलेत. श्वास अठरा लिहिलाय."

"लिहिलाय, की मोजलाय?"

कुजबुजने मान खाली घातली. आठ वाजता तिनेच तक्त्यातल्या वरच्या ओळीतला आकडा खाली उतरवला होता.

"मोज आता. पूर्ण मिनिटभर."

ती छातीकडे बघत मोजू लागली. घड्याळाचा सेकंदकाटा अर्ध्यावर आला तेव्हाच पंधरा झाले होते. नाडी एकशे बावीस. कपाळ घामाने गार.

"बाई, तुम्ही सांगता डॉक्टरांना?"

"पेशंट तुझा आहे. मी इथंच उभी आहे."

औषधं वाटणाऱ्या सिस्टरला तिने सांगून पाहिलं. "दुखत असेल गं. अर्ध्या तासाने बघू," सिस्टर म्हणाली. कुजबुज परत फिरली. बाई अजून बेडपाशीच उभ्या होत्या. तेवढ्यात काकू पुटपुटल्या, "मघापासून मला आई म्हणतायत हे."

कुजबुजने सरळ फोन उचलला.

"डॉक्टर, सात नंबर. श्वास तीस, नाडी एकशे बावीस, माणसं ओळखत नाहीत."

"बीपी?"

"शंभर-सत्तर."

"बरं आहे की. सकाळी श्वासही अठराच होता. राउंडला बघतो."

"नाही. आत्ता या." तिचा आवाज अख्ख्या वॉर्डाने ऐकला. "तो अठरा खोटा आहे. मी न मोजता लिहिला होता."

"आलो."

बाईंनी ऑक्सिजन लावला. डॉक्टर आले, पोट चाचपलं आणि त्यांचा चेहराच बदलला. आत रक्तस्राव होत होता. पाच मिनिटांत काकांना पुन्हा ऑपरेशनला नेलं.

तीन तास कुजबुज काकूंशेजारी बाकावर बसून होती. शेवटी डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, वाचले.

काकूंनी तिचा हात धरला. "तुझ्या लक्षात आलं म्हणून गं."

"उशिरा आलं, काकू," ती म्हणाली, आणि सकाळचं सगळं सांगून टाकलं. काकूंनी हात सोडला नाही, पण तिच्याकडे बघितलंही नाही.

बाई दारातच उभ्या होत्या. "मेट्रनच्या खोलीत जायचंय. तिथेही तूच सांगायचंस."

"तुम्ही याल?"

"चल."