मला पाडलेली चौदा भोकं

मी एक टोप बोलतोय. अंतराळवीराचा. अंतराळ मी पाहिलेलं नाही. पण माझा पत्रा खरा आहे, सांधे खरे आहेत, आणि मी खोटं सांगत नाही.

मला मिस्त्रीने घडवलं. मिस्त्रीचं दुकान म्हणजे एक दार, एक ऐरण, कोळशाची शेगडी आणि भिंतीला टांगलेल्या कातऱ्या. चाळीस वर्षं त्याने बादल्या, पिंपं, टाक्या केल्या आणि गळक्या वस्तूंची भोकं बुजवली. तो बोलायचा कमी. काम बोलतं, असं तो मानायचा.

त्याची थोरली बहीण, ताई, शाळेत घंटा वाजवायची. निवृत्त झाली. तिला परग्रहांच्या गोष्टींचं वेड. विज्ञानकथा वाचणाऱ्यांचं दरवर्षी संमेलन भरतं, त्यात वेशभूषेची स्पर्धा असते. ताई नऊ वर्षं शेवटच्या बाकावर बसून ती बघत होती.

एक दिवस ती दुकानात आली.

"यंदा मी उतरणार. पोशाख मी शिवते. टोप तू कर."

"या वयात सोंग?"

"तुला जमत नसेल तर सांग. दुसरा बघते."

मिस्त्रीने कातर उचलली.

"तोंड झाकलेलं हवं," ताई म्हणाली. "उघडं असलं की लोकांना घंटेवाली बाई दिसते. झाकलं की मी कुठूनही आलेली असू शकते. एकदाच तसं चालायचंय मला."

पुढे तिने सांगितलं, की अंतराळात हवा नसते. ते मिस्त्रीने नीट ऐकलं.

त्याने जस्ती पत्रा कापला, लाकडी मोगरीने गोलाई दिली, सांधे कथलाने झाळले. समोर जाड काच बसवली, काचेला रबर, गळ्याला फिरवून बंद होणारं कडं, त्यालाही रबर. मग मला उलटं करून काठोकाठ पाणी भरलं आणि खाली कागद अंथरला. सकाळी भरलेलं पाणी त्याने दिवेलागणीला पाहिलं. कागद कोरडा होता.

"टाकीला लाजवेल," तो म्हणाला. स्वतःच्या कामाबद्दल तो यापेक्षा जास्त कधी बोलला नाही. मीही ताठ झालो.

पोशाख तोवर शिवून झाला नव्हता. ताईने मला घरी नुसतं डोक्यावर ठेवून पाहिलं. कडं लावलं नाही.

संमेलनाच्या दिवशी मिस्त्री मला पिशवीत घालून घेऊन गेला. ताईने पिशवी उघडली आणि मी ते दालन पाहिलं. छत इतकं उंच, की दिवे लहान दिसत होते. खाली काय नव्हतं? हिरव्या कातडीचे, तीन डोळ्यांचे, पंखांचे. एक शेपूट इतकी लांब, की तिच्या मालकाची बायको ती पदरासारखी सांभाळत चालली होती. यंत्रमानव चहाच्या रांगेत मुकाट्याने उभे. इतक्या जगांतली माणसं एका छताखाली, आणि कुणी कुणाला हसत नव्हतं.

मिस्त्री दारातच थांबला.

"ताई, ही शहाणी माणसं आहेत ना?"

"नोकऱ्या करतात सगळे. तो शिंगवाला दातांचा डॉक्टर आहे."

मंचावर जाण्याआधी तपासणीच्या खोलीत जावं लागतं. तिथे कागदावर लिहून द्यायचं, की कुठलं काम कुणाच्या हातचं. ताईने लिहिलं, पोशाख माझा, टोप भावाचा. परीक्षक बाईंच्या बोटांना सुया टोचल्याच्या खुणा होत्या. त्यांनी माझ्या पाठीवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"सांधा सापडत नाही हो."

मिस्त्रीची मान वर झाली.

"आता घाला. कडं लावा," बाई म्हणाल्या, आणि घड्याळ हातात घेतलं.

ताईने कडं फिरवलं. काच पांढरी झाली. आत तिचा श्वास माझ्यावर आपटून परत तिच्यावर जात होता. तिचे हात कडं शोधू लागले. बाईंनीच ते घाईने उघडलं.

"हवा कुठून येते यात?"

"येत नाही," मिस्त्री म्हणाला. "तिथे हवा नसते. म्हणून थेंब जाणार नाही असं केलंय."

"काका, पाठीवर हवेची टाकी असते त्यांच्या," शिंगवाला हळूच म्हणाला.

"मग ते आधी सांगायचं."

बाई हसल्या नाहीत. "मागच्या वर्षी एक जण बंद मुखवट्यात कोसळला. असं सोडता येणार नाही. वीस मिनिटं आहेत. हवेला वाट करा, नाहीतर टोप काखेत घेऊन चाला."

"काखेत घेते," ताई लगेच म्हणाली. "तू नको हात लावूस याला. एवढं सुंदर झालंय."

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा घामाने भिजला होता, घंटेवाल्या बाईचा. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, तो मला पिशवीत घालेल. मी तर तेच मागत होतो.

"टोच्या आहे का कुणाकडे?" तो म्हणाला.

तिथे एक रीत आहे. कोपऱ्यात दुरुस्तीचं टेबल असतं. सुई, दोरा, डिंक, हत्यारं. ज्याला हरवायचं, त्याचाही तुटलेला पंख तिथे जोडून द्यायचा. टोच्या मिळाला, हातोडी मिळाली. पण आतून टेकण द्यायला लाकूड नव्हतं, आणि टेकणाशिवाय पत्रा चेपतो. दोन वर्षं पहिला आलेला यंत्रमानव पुढे आला, खाली बसला आणि दोन्ही पायांखालचे ठोकळे काढून टेबलावर ठेवले. एक पुरला असता. तो म्हणाला, "एकच काढला तर लंगडेन." त्याची उंची चार बोटं कमी झाली.

मिस्त्रीने टोच्या धरला.

मग घाव बसला. पत्र्याला दुखत नाही. पण ज्याने मला न गळणारा केलं, त्यानेच मला फोडलं, हे मला कळलं. दोन्ही कानांखाली सात-सात. मापाशिवाय, तरी एका ओळीत, एका अंतरावर. भोवती निळी, हिरवी, शिंगांची माणसं श्वास धरून उभी होती. कडा कानशीने घासून तो म्हणाला, "जा."

ताई मंचावर गेली. प्रकाश असा, की समोर नुसता काळोख. काच स्वच्छ. माझ्यातून वारा जात होता, आत येताना गार, बाहेर जाताना ऊबदार. सूत्रधाराने दोन्ही नावं वाचली, तिचं आणि मिस्त्रीचं. आणि टाळ्या सुरू झाल्या. शेकडो हातांचा तो आवाज चौदा वाटांनी आत आला. मी बंद राहिलो असतो, तर तो आमच्या दोघांच्याही कानी पडला नसता. ताई मंचाच्या मधोमध थांबली. चालायचं विसरली. मग ती कुठूनही आलेल्या माणसासारखी, सावकाश, ताठ मानेने पलीकडे गेली.

बक्षीस मिळालं नाही. यंत्रमानव या वेळी तिसरा आला. जेवताना तो आणि मिस्त्री एका बाकावर बसले होते.

आता मी दुकानाच्या फळीवर असतो. वर्षातून एकदा उतरतो, ताईबरोबर जातो. मिस्त्रीला कमी दिसतं. गिऱ्हाइकं मला उचलून बघतात आणि म्हणतात, "मिस्त्री, ही भोकं बुजवा की. चांगली टाकी आहे."

"हात लावू नका," तो म्हणतो. कारण सांगत नाही.

ते दोघे काही कायमचे नाहीत. उद्या मी कुणा नीटनेटक्या माणसाच्या हाती पडेन. तो शेगडी पेटवेल, कथील वितळवेल. त्याला एवढंच सांगा. बाकी काहीही करा, रंग द्या, काच बदला. पण ही चौदा तशीच राहू द्या. जन्मभर भोकं बुजवणाऱ्या माणसाने तेवढीच पाडली.